प्रस्तावना : एमसीबी कुणाला वाचवतो?

घरात शॉक बसून कुणी दगावले, की घरातली माणसे एक प्रश्न हमखास विचारतात : ‘‘एमसीबी होता ना, मग तो पडला कसा नाही?’’ प्रश्न रास्त आहे. वायरिंग नवे होते, तार नावाजलेल्या कंपनीची होती, दारामागच्या पेटीत एमसीबींची रांग होती. तरीही गीझरखालच्या नळाला हात लावलेला माणूस गेला आणि त्या रांगेतला एकही खटका जागचा हलला नाही. याचे उत्तर ऐकायला कठोर आहे. एमसीबी बिघडलेला नव्हता. माणसाला वाचवणे हे त्याचे कामच नव्हते.

हिशेब सोपा आहे. घरातला दाब २३० व्होल्ट. अंघोळीच्या ओल्या अंगाचा रोध ढोबळमानाने हजार ओहम धरला, तर शरीरातून पाव अँपिअरला थोडा कमी करंट जातो. साठ वॉटचा जुना पिवळा बल्बसुद्धा याहून जास्त घेतो. म्हणजे सहा अँपिअरच्या एमसीबीच्या लेखी माणूस मरणे आणि न्हाणीघरात एक दिवा लागणे यांत काही फरक नाही. दोन्ही वेळा तो शांतच राहणार. हृदयाची लय बिघडवायला मात्र एवढा करंट पुरून उरतो. एमसीबी असतो तारेसाठी. तार तापू नये, तिचे आवरण वितळू नये, शॉर्टसर्किटमध्ये घर पेटू नये, एवढेच त्याने पाहायचे. माणसासाठी वेगळी व्यवस्था लागते, आणि ती त्याच पेटीत, त्याच कारागिराच्या हातून बसावी लागते. घरगुती डीबीविषयी शिकण्यासारखे जे आहे, ते बहुतेक या एका फरकातून निघते. प्रस्तुत पुस्तकाचा उगमही तिथलाच.

डीबी, म्हणजे डिस्ट्रिब्युशन बोर्ड. मीटरकडून आलेली मुख्य तार इथे पोहोचते आणि इथून घरभर सर्किटे फुटतात. आत वस्तू मोजक्याच : सगळा पुरवठा एका हालचालीत तोडणारा मेन, म्हणजे आयसोलेटर किंवा डबल पोल एमसीबी, गळती ओळखणारा आरसीसीबी, दर सर्किटाला एक एमसीबी, त्यांना फेज पोहोचवणारा तांब्याचा बसबार, परतीच्या तारांसाठी न्यूट्रल लिंक आणि संरक्षक तारांसाठी अर्थ लिंक. पण यातला प्रत्येक आकडा दुसऱ्या कशाशी तरी बांधलेला असतो. एमसीबी केवढा घ्यायचा याची वरची मर्यादा भिंतीतल्या तारेच्या जाडीने ठरते. सोळा अँपिअरचा एमसीबी सारखा पडतो म्हणून त्याजागी बत्तीसचा बसवला, तर पडणे थांबते खरे. पण मानकाप्रमाणे बत्तीसचा एमसीबी ४६ अँपिअरला पडायलासुद्धा तासाभराचा अवधी घेऊ शकतो. कंड्युटमधल्या अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेची कुवत त्याच्या निम्म्याच्या आसपास संपते. तेवढ्या वेळात भिंतीआड काय चालले आहे, ते धूर येईपर्यंत कुणाला कळत नाही.

एमसीबी हा पहिला आधार; दुसरा आधार अर्थिंगचा. ‘‘आमच्याकडे अर्थिंग केलेले आहे’’ हे वाक्य आपल्याकडे सुरक्षिततेचा दाखला म्हणून सांगितले जाते. इथेही आकडे पाहावेत. समजा, अंगणात खड्डा करून कोळसा-मीठ घालून पाइप पुरला आहे आणि त्याचा रोध २० ओहम आहे. ट्रान्सफॉर्मरकडच्या अर्थिंगचा रोध २ ओहम धरू. गीझरच्या आत फेज पत्र्याला टेकला, तर जमिनीतून साडेदहा अँपिअरच्या आसपास करंट वाहील. सोळाच्या एमसीबीला हा रोजचा भार वाटेल आणि तो पडणार नाही. गीझरचा पत्रा मात्र दोनशे व्होल्टच्या वर उभा राहील, तोही अर्थिंग असताना. जिथे पुरवठादाराची अर्थ-तार थेट ट्रान्सफॉर्मरपर्यंत धातूने जोडलेली असते, त्या व्यवस्थेत असा दोष उद्भवताच शेकडो अँपिअर वाहतात आणि एमसीबी क्षणात पडतो. पहिल्या व्यवस्थेला टीटी म्हणतात, दुसरीला टीएन. आपले घर यांपैकी कशात मोडते हे न पाहता बसवलेला डीबी अर्धवट असतो. ग्रामीण महाराष्ट्रातली आणि कोकण-गोव्यातली कितीतरी घरे व्यवहारात पहिल्या प्रकारची आहेत.

तिसरा आधार आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची तो सतत वजाबाकी करत असतो. फरक पडला, तर कुठून तरी गळती आहे. ती उपकरणाच्या पत्र्यातून असेल किंवा माणसाच्या अंगातून. घरगुती आरसीसीबीवर ३० मिलिअँपिअर लिहिलेले असते. तेवढ्या गळतीला त्याने सेकंदाच्या तीन दशांशाच्या आत पडलेच पाहिजे. गळती पाचपट असेल, तर ४० मिलिसेकंदांच्या आत. वरच्या उदाहरणातला २० ओहमचा खड्डा एमसीबीला पुरत नाही, आरसीसीबीला मात्र सहज पुरतो. पण त्याच्याही मर्यादा आहेत. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरणाऱ्याला तो वाचवू शकत नाही, कारण त्याच्या वजाबाकीत फरकच येत नाही. अंगातून जाणारा करंट तो कमी करत नाही, फक्त त्याची वेळ कमी करतो. आणि जास्तीच्या भाराशी त्याला देणेघेणे नसते. म्हणून ही तिन्ही साधने एकमेकांना पर्याय नाहीत.

या तीन आधारांचा शोध एकाच वेळी लागलेला नाही. त्यांचा क्रम पाहिला की विषय नीट उलगडतो. विजेची पहिली भीती आगीची होती. १८८२ साली एडिसनच्या न्यूयॉर्कमधल्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून घरांना वीज जाऊ लागली. त्याच वर्षी लंडनमधल्या तारयंत्र आणि विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने दिव्यांच्या वायरिंगमुळे लागणाऱ्या आगी टाळण्यासाठी नियम केले. आजच्या ब्रिटिश वायरिंग नियमांचे मूळ तिथे आहे. मुंबईतले पहिले विजेचे दिवेही १८८२ चेच, क्रॉफर्ड मार्केटमधले. त्या काळात संरक्षण म्हणजे फ्यूज : ठरावीक करंटला वितळणारी बारीक तार. चिनी मातीचा किटकॅट फ्यूज आपल्याकडच्या कितीतरी पिढ्यांनी पाहिला आहे. त्यातली तार वितळली, की हाताशी असेल ती तांब्याची काडी गुंडाळायची सवयही तितकीच जुनी. फ्यूजचा खरा दोष वितळण्यात नव्हता. तो बदलताना कोणती तार घालायची, याचा निर्णय ज्याच्या-त्याच्या हाती राहत होता, हा त्याचा दोष.

तो निर्णय काढून घेण्याचे काम एमसीबीने केले. १९२० च्या दशकात जर्मनीत मानहाइम इथे ह्यूगो श्टोट्झ यांच्या कंपनीने घरगुती आकाराचा, पुन्हा चालू करता येणारा खटका बनवला. त्यात सावकाश तापणारी द्विधातू पट्टी आणि तत्काळ खेचणारे चुंबकीय वेटोळे अशी जोडी होती. आजचा एमसीबी तत्त्वतः तोच आहे. त्यावरच्या बी, सी आणि डी या अक्षरांनी कळते, की चुंबकीय भाग कितीपट करंटला उडी मारेल : बी तीन ते पाचपट, सी पाच ते दहापट, डी दहा ते वीसपट. सुरू होताना मोटर जास्त करंट ओढते, म्हणून पंप आणि एसीला सी ठीक; दिव्यांना बी. बाजारात सी सहज मिळतो म्हणून घरभर सीच बसवला जातो आणि अर्थिंगची साखळी कमजोर असलेल्या घरात तोच उशिरा पडतो.

माणसाचा विचार सर्वांत शेवटी आला. १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींमध्ये गळती ओळखणारे खटके वापरात आले. १९५७ साली ऑस्ट्रियात गॉटफ्रीड बीगलमायर यांनी घरगुती साधनाला आकार दिला. १९६१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथले प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल यांनी अमेरिकी रूप तयार केले. त्याआधी डॅलझिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग केले होते. हाताने धरलेली तार स्वतःहून सोडवता येणे सरासरीने पुरुषांना १६ मिलिअँपिअरपर्यंत आणि स्त्रियांना साडेदहा मिलिअँपिअरपर्यंतच जमते, असे त्यांना आढळले. या प्रयोगांमुळे ‘किती करंट धोक्याचा’ या प्रश्नाला अंदाजाऐवजी मोजमापाचे उत्तर मिळाले.

या उत्तराचा अर्थ मात्र देशोदेशी वेगळा लावला गेला आणि त्यातून घरगुती विद्युत व्यवस्थेच्या निरनिराळ्या परंपरा तयार झाल्या. अमेरिकेने पकड सुटण्याची मर्यादा प्रमाण मानली आणि ५ मिलिअँपिअरच्या आसपास पडणारे साधन थेट सॉकेटमध्ये बसवले. १९७१ च्या सुमारास बाहेरच्या सॉकेटांपासून त्याची सक्ती सुरू झाली आणि मग न्हाणीघर, स्वयंपाकघर असे ती पसरत गेली. युरोपने हृदयाची लय बिघडण्याची मर्यादा धरली, ३० मिलिअँपिअर हा आकडा घेतला आणि साधन मुख्य पेटीत ठेवले. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धानंतर तिसरीच वाट धरली : घरभर फिरून पेटीत परतणारे वर्तुळाकार सर्किट आणि प्रत्येक प्लगमध्ये स्वतंत्र फ्यूज. त्या प्लगचे मानक १९४७ चे. त्याच ब्रिटनमध्ये अलीकडच्या काळात प्लॅस्टिकच्या पेट्यांमध्ये सैल जोडांमुळे आगी लागल्याचे दिसले, तेव्हा २०१६ पासून घरगुती पेटी न जळणाऱ्या द्रव्याची, व्यवहारात पत्र्याची, असावी असा नियम आला.

आपण यांपैकी कुणाचे? आपली ठेवण जुनी ब्रिटिश आहे, पण अर्धीच. गोल पिनांचे ६ आणि १६ अँपिअरचे सॉकेट आपण ठेवले. वर्तुळाकार सर्किट आणि प्लगमधला फ्यूज आपल्याकडे आलाच नाही. परिणामी टेबलफॅनच्या बारीक दोरीपासून भिंतीतल्या तारेपर्यंत सगळ्यांचा रखवालदार डीबीतला एकटा एमसीबी असतो. ब्रिटिश घरात प्लगमध्ये होणारे काम आपल्याकडे पेटीवर येऊन पडते. मानके मात्र आपण हळूहळू आंतरराष्ट्रीय पद्धतीशी जुळवली. वायरिंगचे आयएस ७३२ हे मानक २०१९ साली नव्याने आले, अर्थिंगचे आयएस ३०४३ हे २०१८ साली, आणि १९८५ साली प्रथम निघालेली राष्ट्रीय विद्युत संहिता २०११ व २०२३ साली सुधारली गेली. शिवाय तारा, एमसीबी अशा वस्तूंना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी लागते, कारण ‘नियम नाहीत’ ही तक्रार इथे टिकत नाही. १९१० च्या भारतीय विद्युत कायद्याखाली १९५६ चे नियम आले. २००३ च्या विद्युत अधिनियमानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षा आणि पुरवठ्याविषयीचे विनियम २०१० साली काढले आणि त्यांच्या जागी २०२३ साली नवे आणले. त्यांत स्पष्ट आहे, की अगदी लहान भार सोडता जोडणीला गळतीरोधक साधन हवे आणि घरासाठी त्याची मर्यादा ३० मिलिअँपिअर. न्यूट्रलमध्ये एकटा स्विच किंवा फ्यूज चालत नाही. पुरवठादाराने ग्राहकाच्या जागेत अर्थ टर्मिनल उपलब्ध करून द्यायचे असते. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांची किरकोळ बदलाबदल वगळता मांडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराने, पात्र पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करायचे असते. नव्या जोडणीसाठी ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. म्हणजे कागदावर साखळी पूर्ण आहे. तुटते ती शेवटच्या कडीपाशी : अहवालावर आकडा लिहिला जातो, पण तारेच्या आवरणाचा रोध मोजणारा मेगर आणि अर्थ टेस्टर घराच्या उंबऱ्यापर्यंत आलेलेच नसतात.

या विषयावर आजच पुस्तक का, याचे उत्तर घरातल्या बदललेल्या भारात आहे. गिरगावातल्या चाळीत किंवा तालुक्याच्या गावातल्या घरात सागवानी पट्टीवरून गेलेले वायरिंग चार दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ यांसाठी होते. आज दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दोन एसी, दोन गीझर, इंडक्शन शेगडी, वॉशिंग मशीन आणि मायक्रोवेव्ह धरले, तर बेरीज सहज दहा किलोवॉटच्या पलीकडे जाते. सगळे एकदम चालत नाही हे खरे. पण दहा किलोवॉट म्हणजे सिंगल फेजवर त्रेचाळीस अँपिअर, आणि जुनी मुख्य तार त्यासाठी कधीच घातलेली नव्हती. पुनर्विकासात भिंती नव्या होतात; ज्या इमारती त्या वाटेला लागलेल्या नाहीत, त्यांत नवा भार जुन्या तारांवर चढतो.

त्यावर आता वीज दोन दिशांनी वाहू लागली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेने एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवण्याचे उद्दिष्ट ठेवले. पॅनेलकडून येणारा करंट डीसी असतो. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जातो, म्हणून खटका उघडताना पडलेली ठिणगी विझते. डीसीला ही उसंत नसते. साधा एसी एमसीबी डीसी बाजूला लावला, तर गरजेच्या क्षणी तो उघडतो आणि आतल्या आत जळत राहतो. इलेक्ट्रिक गाडीचा घरगुती चार्जर ७.४ किलोवॉटचा असेल, तर रात्रभर ३२ अँपिअर ओढतो; एवढा सलग भार घरातले दुसरे कोणतेही उपकरण देत नाही. शिवाय चार्जर आणि इन्व्हर्टर एसी यांच्या गळतीत डीसीचा अंश असू शकतो आणि फक्त एसी गळती ओळखणारा ‘एसी’ प्रकारचा स्वस्त आरसीसीबी त्यापुढे आंधळा होतो. तिथे ए किंवा त्यावरचा प्रकार लागतो. लोडशेडिंगच्या काळात घरोघरी आलेल्या बॅटरी इन्व्हर्टरने आणखी एक गोंधळ करून ठेवला. इन्व्हर्टरवरच्या सर्किटांचा न्यूट्रल बाकीच्यांत मिसळला, की आरसीसीबीची वजाबाकी चुकते आणि तो विनाकारण पडू लागतो. दोष शोधायला वेळ लागतो. आरसीसीबी बायपास करायला पाच मिनिटे पुरतात. बहुतेक घरांत पाच मिनिटांचा मार्ग निवडला जातो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने होणारे अपघाती मृत्यू अलीकडे दरवर्षी दहा हजारांच्या वर दिसतात. त्यांत शेतातल्या मोटारी आणि तुटलेल्या वाहिन्या यांचाही वाटा आहे, सगळे डीबीच्या माथी मारता येणार नाहीत. पण घराच्या चार भिंतींत होणारे मृत्यू असे आहेत, की ते टाळण्याचे साधन काही हजार रुपयांत मिळते आणि ते बसवण्याचा नियमही आहे.

प्रस्तुत पुस्तक या पार्श्वभूमीवर वाचायचे आहे. विद्युत अभियांत्रिकीची पाठ्यपुस्तके सिद्धांतापासून निघतात आणि कंपन्यांची माहितीपत्रके मालापासून. लेखकाने तिसरी रीत घेतली आहे : प्रत्येक वेळी तो एका दोषापासून निघतो. फेज पत्र्याला टेकला, न्यूट्रल तुटला, स्क्रू सैल राहिला, तार बारीक पडली. आता डीबीतले कोणते साधन काय करील आणि कोणते गप्प बसेल? या प्रश्नाची सवय लागली, की साधनांची निवड पाठ करावी लागत नाही. थ्री फेज इमारतीत सामाईक न्यूट्रल तुटला, तर काही घरांत दाब चारशे व्होल्टकडे चढतो आणि टीव्ही-फ्रिज जळतात, हे एकदा आकृतीने समजले, की जास्त दाबापासून वाचवणारे साधन कुठे हवे ते वेगळे सांगावे लागत नाही.

पुस्तकाचा मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग हातकामाचा आहे, कारण इतरत्र त्याकडे तुच्छतेने पाहिले जाते. आपल्याकडच्या घरगुती तारा बारीक तंतूंच्या असतात. त्यांच्या टोकाला लग, म्हणजे दाबून बसवायची धातूची टोपी, न लावता त्या एमसीबीच्या तोंडात कोंबल्या, जागा पुरत नाही म्हणून चार तंतू कापले, किंवा एका तोंडात दोन तारा घातल्या, की जोड कमकुवत होतो. अशा जोडाचा रोध एक दशांश ओहम झाला आणि त्यातून सोळा अँपिअर गेले, तर त्या एवढ्याशा जागेत पंचवीस वॉटची उष्णता तयार होते. एक सोल्डरिंग आयर्न पेटीत सतत चालू ठेवल्यासारखे ते असते. करंट मर्यादेतच आहे, म्हणून एमसीबी पडत नाही. गळती नाही, म्हणून आरसीसीबीही पडत नाही. या आगीविरुद्ध लग, योग्य ताकदीने आवळलेला स्क्रू, तुकड्यांच्या लूपऐवजी बसबार आणि वर्षाकाठी एकदा तपासणी एवढेच उपाय आहेत. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत त्यांची गरज दुप्पट.

पेटीची जागा हाही असाच दुर्लक्षित विषय. गॅसच्या शेगडीवर किंवा सिंकच्या वर डीबी नको, पावसाळ्यात पाझरणाऱ्या भिंतीवर नको, हात पोहोचणार नाही इतका उंच नको. सजावटीच्या पॅनेलमागे दडवलेला डीबी दिसायला चांगला. पण रात्री वास आल्यावर मेन बंद करायला जो शोधावा लागतो, तो डीबी बसवण्यातच चूक झालेली आहे.

एका मुद्द्यावर माझा लेखकाशी थोडा मतभेद आहे आणि तो इथे नोंदवणे योग्य होईल. सबंध घराला एकच आरसीसीबी, की प्रत्येक सर्किटाला एमसीबी व गळतीरोध एकत्र असलेला आरसीबीओ, हा या क्षेत्रातला जुना वाद. लेखकाचा कल दुसऱ्या पद्धतीकडे आहे. तिचा फायदा उघड आहे : गीझरमधल्या गळतीने फ्रिज बंद पडत नाही. शिवाय प्रत्येक इलेक्ट्रॉनिक उपकरण थोडी गळती करतच असते. त्यांची बेरीज एकाच आरसीसीबीवर आली, की तो पंधरा मिलिअँपिअरच्या पुढे केव्हाही पडू शकतो आणि वैतागलेले घर त्याला बायपास करते. हे सगळे मान्य. पण सगळीकडे आरसीबीओ लावण्याचा खर्च मध्यमवर्गीय घराला आजही जड जातो. परवडत नाही म्हणून काहीच न बसवण्यापेक्षा दोन आरसीसीबी बसवून ओली आणि कोरडी सर्किटे वेगळी करणे मला जास्त व्यवहार्य वाटते. वाचकाने दोन्ही बाजू वाचून, आपल्या घराचा भार पाहून ठरवावे.

या पुस्तकाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. उंच इमारतींतले बसबार, लिफ्ट, अग्निशमन पंप यांची वीज इथे नाही; विषय मीटरनंतरच्या एका घरापुरता आहे. हे पुस्तक वाचून घरमालकाने स्क्रू-ड्रायव्हर घेऊन डीबी उघडावा, असाही हेतू नाही. मेन बंद केला तरी त्याच्या वरच्या बाजूला फेज जिवंत असतो आणि या एका गोष्टीच्या अज्ञानापायी जाणत्यांनीही जीव गमावले आहेत. घरमालकाने यातून प्रश्न विचारायला शिकावे : अर्थिंग किती ओहम आले, मेगरवर पाचशे व्होल्टला एक मेगओहमच्या वर आकडा मिळाला का, आरसीसीबी किती मिलिसेकंदांत पडला. आयटीआयच्या विद्यार्थ्याने आणि वायरमनने यातून उत्तरे द्यायला शिकावे. सोसायटीच्या समितीने मीटररूमपासून पार्किंगमधल्या चार्जरपर्यंतच्या तारेची जबाबदारी कुणाची, हे आधीच लिहून ठेवावे.

पुस्तकाची भाषा कामावरची आहे. पेटी, खटका, लग, लूप, झिरी, पॉइंट हे शब्द जसे बोलले जातात तसेच इथे येतात. मराठीत या विषयावर लिहिताना दोन टोके दिसतात : एकीकडे कुणी न बोलणारी पारिभाषिक मराठी, दुसरीकडे नुसत्या आद्याक्षरांची रांग. लेखकाने दोन्ही टाळली. ज्याच्या हातात पक्कड आहे, त्याला समजेल अशी ही मराठी आहे.

या व्यवसायातल्या प्रत्येकाला माझे सांगणे एकच आहे. झाकण लावण्यापूर्वी मोजा, मोजलेले आकडे तारखेसह झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि खाली सही करा. आकडे न लिहिलेला डीबी, त्यातला माल कितीही महागाचा असो, सुरक्षित मानू नये. वाचकालाही एक विनंती. पुस्तक पुढे वाचण्यापूर्वी आपल्या आरसीसीबीवरचे ‘टी’ लिहिलेले बटन दाबून पाहा. खटका पडला, तर साधन जिवंत आहे. अर्थिंग ठीक आहे की नाही, ते यातून कळणार नाही, त्याची चाचणी वेगळी करून घ्या. पडला नाही, किंवा पेटीत असे बटनच नसेल, तर परवानाधारक वायरमनला आजच बोलवा.